खिडकीच्या गाईची बाई

“चहा नंतर. आधी शेण दाखवा.”

कुणाच्याही दारात गाडी लावली की बाईचं पहिलं बोलणं हे. घरातली सून चहाचं आधण ठेवून पदर सावरत बाहेर यायची, तोवर बाई गोठ्यात. गमबुटाच्या टोकानं शेणाचा पो दाबायची, मग खाली वाकून चिमूटभर उचलायची, बोटांत चोळायची आणि नाकाशी न्यायची. माणूस अत्तर बघतो तसं. धनी बिचारा मान खाली घालून उभा. आपलीच चोरी पकडल्यासारखा.

“भरडा जास्त घालताय. मक्याचं दाणं तसंच खाली आलंय. आणि काल शिळं वाडं घातलंय.”

“तुमास्नी कुणी सांगितलं ओ मॅडम?”

“तुमच्या म्हशीनं.”

वाडं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. आमच्याकडं ऊसतोड चालू झाली की सगळ्या गोठ्यांत तेच. बाईची सगळी नोकरी वाडं आणि पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला, यांच्या मागं गेली. जनावर खातं काय, खाल्ल्याचं पोटात होतं काय आणि पचतं किती, एवढं एकच तिनं आयुष्यभर बघितलं. लोक हसायचे. सरकार शेण हुंगायला पगार देतंय म्हणायचे. मीही हसलोय.

बाई नोकरीला होती त्या सरकारी फार्मावर मी गोठ्यात गडी होतो. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल ती असेल. घरची मंडळी, म्हणजे आमची बायको, गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. मलकापूरला दिलेली लेक फोनवर म्हणाली, “आबा, नुसतं बसून काय करालासा? बाईंचं लिवा की.” म्हणून बसलोय.

सरळ सांगतो. या बाईनं एका गाईच्या कुशीला भोक पाडलं होतं. आणि त्याच दिवशी ठरवलं होतं की ही गाय विकली जाणार नाही, कुणाच्या गळ्यात बांधली जाणार नाही, पोटभर खाऊन आपल्या मरणानं मरेल. आता बाई नाही. गाय आहे. माझ्या दारात आहे.

भोक म्हटलं की तुम्हाला वाटेल कसाईपणा. मलाही वाटलं होतं. पण ते डॉक्टरी काम असतं. कॉलेजातले मोठे डॉक्टर आले होते. गाय उभीच, कुशीत सुया मारून बधिर केलेली. डाव्या बाजूला गाईच्या पोटाचा मोठा कोठा असतो, तिथं वाटीएवढं कापून रबराची गोल चौकट बसवली आणि वर झाकण. बरणीचं असतं तसं. आम्ही त्याला खिडकी म्हणायचो. जखम भरली की गाय खाते, पिते, वासरू देते, तिला काही नसतं. पण झाकण काढलं की आत हात घालता येतो आणि खाल्लेल्याचं काय झालं ते डोळ्यांनी बघता येतं.

कापाकापी चालली होती तेव्हा बाई तिकडं बघत नव्हती. ती गाईच्या तोंडाशी उभी होती. दोन्ही हातांत गाईचं तोंड धरलं होतं आणि ओठ हलत होते. काय म्हणत होती देवाला ठाऊक. गाय शांत होती. बाई मात्र सुरुवातीपासून तशीच उभी. मी म्हणालो, “बाई, बसा जरा.” तर म्हणाली, “मामा, तिला बसता येतंय का? मग मी कशी बसू?”

त्या दिवशी सगळ्यांना चहा आला. बाईनं कोरा मागितला. पुढं कायमच कोरा. आम्हाला वाटलं पित्त झालं असेल.

मग रोजचं काम चालू झालं. बारीक जाळीच्या कापडाच्या चिमुकल्या पिशव्या असायच्या. त्यांत कधी वाडं, कधी पाचट, कधी शेंगदाण्याची पेंड, सगळं दळून, तोलून भरायचं. दोऱ्यात ओवायचं आणि झाकण उघडून गाईच्या पोटात सोडायचं. ठरलेल्या वेळी ओढून काढायचं, धुवायचं, वाळवायचं, परत तोलायचं. जेवढं वजन घटलं तेवढं गाईनं पचवलं. आत सोडायचं काम बाईचं, धुवायचं माझं. माझ्या हाताला असा वास बसला होता की घरात मंडळी मला ताटावर बसू द्यायची नाही. “आधी आंगुळ करा, न्हायतर गोठ्यात जेवा” म्हणायची.

बाई शिकवायची मात्र झकास. कोवळी पोरं यायची कॉलेजातली, इंग्रजी झाडायची. बाई त्यांना गाईसमोर उभं करायची आणि विचारायची, “गाय काय खाते?”

“चारा, मॅडम.”

“चूक. गाय चारा खात नाही. गाईच्या पोटात डोळ्याला न दिसणारे कोट्यवधी जीव आहेत. चारा ते खातात. गाय नुसतं त्यांना घालते, ऊब देते, पाणी देते, आणि त्यांच्यावर जगते. तेव्हा तुम्ही गाईला घालत नाही. तुम्ही त्यांना घालताय. ते रुसले की गाय मेली.”

हे मी घरी सांगितलं तर मंडळी भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हंजे गावच की ओ. पाटील बसून खातोय, राबत्यात दुसरीच.” दुसऱ्या दिवशी मी ते बाईला सांगितलं. बाई इतकी हसली की तिला डोळे पुसायला लागले. पुढं पोरांना शिकवताना ती हे घालायचीच. “आमच्या मामी म्हणतात” म्हणून.

बाईचे पेपर परदेशात छापून यायचे. ती मला आणून दाखवायची. मला इंग्रजी काय वाचता येतंय? पण त्यात आमच्या गाईचा फोटो असायचा, खिडकीसकट. बाईचा कधीच नसायचा.

बाई जैन घरातली. शिरोळकडं नदीकाठी मळा, मोठं घर. पाणी फडक्यानं गाळून प्यायची माणसं. लग्न केलं नाही. मंगळवार पेठेत एका खोलीत राहायची आणि स्कूटीवरून ये-जा करायची. एकदा तिची आई फार्मावर आली. धाकटा भाऊ जीप घेऊन आला होता, त्याला सगळे अण्णा म्हणायचे. लेक एवढं काय मोठं काम करते ते बघायला म्हातारी हौसेनं आली होती. बाईनं झाकण काढलं. म्हातारीनं बघितलं आणि तोंडाला पदर लावून मागं सरली. चिंचेखाली जाऊन बसली. पाण्याचा तांब्या दिला तर हात लावला नाही.

बाई तिच्यापुढं उकिडवी बसली. “आई, तू पाणी गाळल्यावर फडक्यातलं जीव परत विहिरीत सोडतीस न्हवं? का सोडतीस? जगावेत म्हणून. मी तेच करतो. गाईच्या पोटातलं जीव बघतो, गाळतो आणि परत तिच्या पोटात सोडतो.” आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती घरच्यांशी पुरुषासारखी ‘करतो, जातो’ म्हणायची.

म्हातारी म्हणाली, “विहिरीला म्या भोक पाडलं न्हवतं.”

झालं. एवढंच. उठली आणि जीपमध्ये बसली. भाऊ तर जीपजवळून हललाच नव्हता. बाई तिथंच बसून राहिली. मग उठली, हातमोजा चढवला आणि म्हणाली, “चला मामा, पिशव्या काढायची वेळ झाली.”

ती आई परत कधी फार्मावर आली नाही.

मी आधी रिटायर झालो, बाई मागाहून. बाईची नोकरी संपायला आली तेव्हा ते पिशव्यांचं कामही बंद झालं आणि गाय झाली फालतू. दूध आटलेलं, कुशीला भोक. फार्मावर अशा जनावरांचा लिलाव होतो. लिलावाला कोण येतं ते तुम्हाला सांगायला नको.

बाई माझ्या घरी आली. आमचं घर शिरोली एमआयडीसीच्या मागं. पुढं भट्ट्यांचा धूर, मागं आमची उरलेली पट्टी आणि गोठा. त्या दिवशी पहिल्यांदा ती शेण बघायला गेली नाही. सरळ जोत्यावर बसली.

मंडळी म्हणाली, “काय झालं अक्का?” आमची मंडळी बाईला अक्का म्हणायची.

“गाय मी घेतो लिलावात. पण ठेवू कुठं? पेठेत माझी खोली जिन्यावर. घरी मळ्यात न्यायची तर आई ठेवून घेणार नाही. अण्णा म्हणतोय पांजरपोळात दे. तिथं चारा आहे, सावली आहे. पण खिडकी रोज धुवायला लागते मामी. माशी बसली की किडे पडतात. तिथं दोनशे जनावरांत हिच्या खिडकीत कोण हात घालणार?”

मी विचार करत होतो. खरं सांगायचं तर मी म्हणणार होतो, बघू. मंडळीनं मला विचारलंच नाही. म्हणाली, “आणा की हितं. ह्यांचा हात न्हायतरी सगळी नोकरी त्येच्यातच व्हता.”

“मामी, ती कधी मरेल सांगता येत नाही.”

“मग ऱ्हाऊ दे की. आमी तरी कुटं सांगून ठेवलंय?”

अशी गाय आली. फार्मावर तिला नुसता कानात बिल्ला होता. बाई म्हणायची, नाव ठेवलं की जीव लागतो आणि आकडे चुकतात. मंडळीनं दारात ओवाळतानाच नाव ठेवलं, तुळसा. बाईनं तोंड वाकडं केलं. आठ दिवसांत तीच हाक मारत आली, “तुळसाबाई, काय म्हणतंय पोट?”

गाव लोटलं बघायला. खिडकीची गाय, खिडकीची गाय! शाळेची पोरं कुंपणावर. एक म्हातारी तर हळदकुंकू घेऊन आली आणि खिडकीलाच वाहायला लागली. मंडळीनं तिचा हात धरला. “मावशी, तोंडाकडनं वहा. तिकडनं पोटात जाईल.” पुढं मंडळीनं जुन्या लुगड्याची झूल शिवून टाकली. म्हणाली, “बाईमाणूस हाय, सारखं उघडं कशाला?”

बाई आठवड्यातून दोनदा तरी यायची. रोजची खिडकी मी धुवायचो. ती आली की कोमट पाणी आणि कापड घेऊन स्वतः धुवायची, मला हात लावू द्यायची नाही. मग जोत्यावर कोरा चहा. एकदा शेजारी म्हैस व्यायली, मंडळीनं खरवस केला, वेलदोडे घालून, अक्कासाठी वाटी राखून ठेवली. बाई नको म्हणाली. मंडळीला राग आला. “आमच्या हातचं चालत न्हाय काय?”

“तसं नव्हं मामी.”

“मग कसं? सांगा तरी.”

मंडळी खनपटीला बसली की सोडायची नाही. मग बाईनं सांगितलं. जैनांत नेम घेतात, एखादी वस्तू सोडतात. गाईला कापलं त्या दिवशी तिच्या तोंडाशी उभं राहून बाईनं नेम घेतला होता. ही गाय आहे तोवर दूध, दही, तूप तोंडाला लावायचं नाही. ‘मी तिचं एक घेतलं, आणखी घेत नाही’ म्हणून.

मंडळी उठली. वाटी उचलून आत गेली. पुढं बाई यायच्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांनाच कोरा चहा. मला चहाला दूध लागतं हो. विचारलं तर म्हणाली, “एक दिस मरत न्हाई तुमी.”

तुळसा पोसली गेली ती नुसती दयेवर नाही. तिनं गावात नाव काढलं. त्याचं असं झालं. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, आमच्याकडं जनावरांना पुरणपोळी चारतात. प्रेमानं चारतात, पण प्रेमाला माप नसतं. आमच्या शेजारी पैलवान. त्याचा शर्यतीचा बैल म्हणजे त्याचा जीव. बैलाला बदाम, बैलाला तूप, बैलाला अंडी. बाईला अंड्यांचं कळलं तेव्हा ती एवढी भडकली की तिला शब्द सुचेनात. “अहो, त्याला चार कप्प्यांचं पोट दिलंय ते गवतासाठी! तालमीतला वस्ताद आहे का तो?”

तर एका बेंदराला पैलवानानं परातभर पोळ्या चारल्या. वर गुळाचा भेला, वर कणकेचे गोळे. दुसऱ्या दिवशी सकाळी बैल बसला तो उठेना. डोळे आत, पोटाला हात लावला तर नुसती पाण्याची पिशवी. तोंडाला आंबूस वास. एवढा मोठा गडी पैलवान, बैलाच्या गळ्यात पडून पोरासारखा रडत होता.

बाईला फोन केला. बाई आली, बैलाच्या डाव्या कुशीला मूठ रोवून उभी राहिली. “पोट आंबलंय. आतलं गाव उठलं याचं.” आधी तिनं नळी घालून आंबलेलं पाणी काढलं, मग सोड्याचं पाणी पाजलं. दुपारनंतर म्हणाली, “मामा, तुळसाचं झाकण काढा.”

तुळसाच्या पोटातनं ओंजळीनं चोथा काढला. मंडळीनं लुगड्याच्या फडक्यातनं तो पिळला. हिरवागार कढत रस बादलीत. बाई ओरडत होती, “गार होऊ देऊ नका, गार झाला की मेले सगळे!” मंडळीनं बादलीला गोधडी गुंडाळली. पिळलेला चोथा बाईनं परत तुळसाच्या पोटात घातला, एक काडी खाली पडू दिली नाही. तो रस नळीनं बैलाच्या पोटात. एका गावातली माणसं दुसऱ्या ओसाड गावात नेऊन वसवावी तसं.

दुसऱ्या दिवशी बैल रवंथ करायला लागला. पैलवान आमच्या दारात नारळ फोडून गेला. आणि चार दिवसांनी हळूच रिकामी बाटली घेऊन बाईपुढं उभा.

“मॅडम, वाईच रस द्या की.”

“आता कुणाला?”

“मलाच. पोट लई गुबारतंय.”

बाई गंभीर तोंड करून म्हणाली, “देतो. आधी रवंथ करायला शिका.”

त्या वर्षापासून बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारात बादल्यांची रांग. कुणाची म्हैस, कुणाची कालवड. बाई प्रत्येकाला आधी शिव्या द्यायची, मग रस. नोकरीतल्या तिच्या पेपरांचं मला कळत नाही. पण त्या रांगेत ती उभी असायची, हातमोजा कोपरापर्यंत, केस विस्कटलेले, त्या वेळी तिच्याएवढं सुखी माणूस मी बघितलं नाही. एकदा म्हणाली, “मामा, भोक पाडलं तेव्हा वाटलं नव्हतं की याचं असं काही होईल.”

मंडळी गेली गेल्या श्रावणात. तापाचं निमित्त. त्यावर मी जास्त लिहीत नाही. लिहायला गेलो की हात थांबतो. दिवसकार्य झालं, पावणं-रावळं गेली, लेक मलकापूरला गेली. मी तुळसाला घालायचो आणि स्वतः तसाच पडायचो. चूल पेटवावी वाटायची नाही. कुणाला पत्ता नव्हता.

बाई आली. तोवर तिचे गुडघे गेले होते, स्कूटी सुटली होती, रिक्षानं यायची. तिनं तुळसाचं शेण बघितलं, खिडकी बघितली आणि मग माझ्याकडं बघितलं. शेण बघते तसंच.

“मामा, जेवला नाहीसा.”

“जेवलो की.”

“गाय धुतलेली आहे आणि तव्याला जाळं आहे. मला शिकवू नका.”

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन आली. दोन भाकऱ्या, मुगाची उसळ, चटणी. जोत्यावर दोन ताटल्या मांडल्या. “जेवा.” मी म्हणालो भूक नाही. म्हणाली, “मला आहे. मी काय एकटीनं जेवू?” आणि खायला लागली, सावकाश, एक अक्षर न बोलता. मंडळीबद्दल नाही, देवाबद्दल नाही. जेवणाऱ्या माणसासमोर किती वेळ नुसतं बसणार? मी घास घेतला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, “बाई, असं बघू नका. मी जनावर न्हाई.”

“जनावर असता तर सोपं होतं.”

त्या दिवशी मंडळी गेल्यानंतर पहिल्यांदा मी हसलो. बाई रोज आली, पुष्कळ दिवस. मग एके दिवशी मी चूल पेटवली, तेव्हा तिनं डबा आणणं बंद केलं. तसं बोलून दाखवलं नाही. नुसती दोन ताटल्या मांडून बसली.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाईच्याच पोटात दुखायला लागलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, उघडून बघितलं आणि तसंच शिवलं. अण्णानं तिला मळ्यात नेलं. मी भेटायला गेलो. खाटेवर एवढीशी झाली होती. मला बघून पहिलं काय विचारलं असेल तुम्हीच ओळखा. मी सांगितलं, “घट्ट न्हाय, पातळ न्हाय, झकास हाय.” तिनं मान हलवली.

मग म्हणाली, “मामा, मला वाटलं होतं ती आधी जाईल. तिचं शेवटपर्यंत मीच करेन. आता नाही होत. माझ्या माघारी अण्णा येईल तिला न्यायला. त्याचं मन वाईट नाही. पण…”

“मी हाय न्हवं.”

“तुमचं वय झालंय.”

“तुमचं काय झालंय मग?” मी म्हणालो. बोलून गेलो आणि जीभ चावली. पण बाई हसली.

ती गेल्याचा फोन अण्णाचाच आला. मी मातीला जाऊन आलो.

महिना झाला असेल. सकाळी दारात टेम्पो. मागं फळ्या लावलेल्या, खाली पेंढा अंथरलेला. अण्णा उतरला. पांढरे कपडे, पांढरे केस, बाईसारखंच नाक. हात जोडून उभा राहिला. मी खाट झाडून दिली, पण तो बसला नाही.

“मामा, तुमचे उपकार झाले. आता गाय पांजरपोळात नेतो. पावती केलीया, तिच्या नावानं चारा कायमचा लावलाय.”

“खिडकी कोण धुणार?”

“सांगतो की त्यांना.”

“सांगून व्हत न्हाय अण्णा. माशी सांगून येत न्हाय.”

“आणि तुम्ही किती दिवस करणार? उद्या तुम्ही पडला तर?” मी गोठ्याकडं बघितलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, “तिच्या हातनं पाप झालं ते झालं. आईनं मरेपर्यंत मनात धरलं. आणि अक्काला त्याचं काही वाटलं न्हाय हो कधी. हसायची, गाईच्या गोष्टी सांगायची. निदान मागं राहिलेल्यांनी तरी फेडावं का न्हाय?”

मला राग आला. मी माणूस तसाच आहे. म्हणालो, “काही वाटलं न्हाय? दूध का सोडलं मग तिनं?”

“दूध? तिला दूध पचत न्हवतं.”

“कोण म्हणालं?”

“तीच. पोट बिघडतंय म्हणायची. आई चेष्टा करायची तिची. जगाच्या गाईम्हशींची पोटं बघती आणि सोताचं पोट नीट न्हाय म्हणून.”

“तुमच्या अक्काचं पोट लोखंडाचं व्हतं. आमच्या पैलवानाच्या घरची झणझणीत आमटी पिऊन रिक्षात बसायची. नेम घेतलावता तिनं. हिला कापलं त्या दिवशी, हिच्या तोंडाम्होरं उभं राहून. ही हाय तवर दूध न्हाय, तूप न्हाय. जाईस्तवर पाळला.”

अण्णा माझ्याकडं बघत राहिला. मग खाटेवर बसला. हळू, गुडघ्याला हात लावून. “आजारात मी तिला कपभर दूध द्यायचो,” तो म्हणाला. “रोज. तोंड फिरवायची. मी रागावलो पण एकदा.”

टेम्पोवाला येऊन म्हणाला, “अण्णा, चढवायची न्हवं गाय? ऊन व्हईल.”

अण्णा उठला आणि गोठ्यात गेला. मी मागोमाग. तुळसा उभी होती, कान हलवत. आता दात झिजलेत तिचे, बारीक कापून घालावं लागतं. अण्णानं झूल बाजूला केली आणि खिडकीकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. बाही वर दुमडायला लागला.

“कसं धुत्यात दाखवा.”

मी चुलीवरचं कोमट पाणी आणलं. हातमोजा पुढं केला तर नको म्हणाला. झाकण काढून दिलं, कडेनं कापड कसं फिरवायचं ते दाखवलं. काम नीट केलं. मग धुऊन झाल्यावर त्यानं हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. डोळे मिटले.

“गरम हाय ओ,” तो म्हणाला.

“हाय की.”

तुळसानं मान वळवून एकदा त्याच्याकडं बघितलं आणि परत गव्हाणीत तोंड घातलं. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. अण्णानं डोळे न उघडताच सांगितलं, “त्याला जा म्हणावं.”

मी दारातनं हात केला. टेम्पो मागं वळला, फळ्यांचा खडखडाट करत कारखान्याच्या रस्त्याला लागला. परत गोठ्यात आलो तर अण्णा तसाच उभा, गाल गाईच्या पाठीला टेकलेला. मी झाकण हातात धरून बाजूला थांबलो. घाई कुणालाच नव्हती.